कोल्हापूरचा झेंडा काढायला बसलाय? या चुका टाळा

शहराचा झेंडा काढूया म्हटलं की पहिल्या दहा मिनिटात अंबाबाईचं देऊळ, रंकाळा, पैलवान, चप्पल, गुळाची ढेप सगळं एकाच कापडावर येऊन बसतं. माझ्याकडे पेठेतली पोरं असंच घेऊन आलेली, म्हणाली भावा काहीच सोडायचं नाही, मीपण काढून दिलं, मोबाइलवर लय भारी दिसत होतं. गच्चीवर बांबूला लावून खाली रस्त्यावर आलो आणि वर बघतोय तर ढेप कुठली आणि पैलवानाचं डोकं कुठलं तेच कळंना. वारा पडला की तर नुसतं लोंबणारं फडकं. म्हणून डिझाइन आधी पोस्टाच्या तिकिटाएवढं करून हातभर लांबून बघा, नाही ओळखू आलं तर एकेक वस्तू उडवत जा.

उडवायचं जिवावर येतंय? शिकागोचा झेंडा बघा. पांढऱ्यावर दोन फिकट निळे पट्टे, ते तिथलं पाणी, आणि मधे लाल सहा टोकांचे तारे. 1917 ला दोनच होते, 1933 आणि 1939 ला एकेक वाढला. एक तारा 1871 च्या आगीचा आहे, पण ज्वाळा काढलेली नाही. आपल्याकडे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा, म्हणजे पाच जाड पट्टे येऊन एक झाले की विषय संपला, शाळेतलं पोरगंपण काढेल.

नाव लिहायचं नाही. एका कापडावर छापलं की मागून ‘कोल्हापूर’ उलटं दिसतं, दोन्हीकडून सुलटं पाहिजे तर दोन कापडं जोडा आणि मधे अस्तर घाला, मग झेंडा जड होतो आणि हलक्या वाऱ्यात हलतच नाही. अमेरिकेतल्या पोकाटेलो गावानं नाव, घोषवाक्य, वर ट्रेडमार्कची खूणसुद्धा टाकलेली, 2004 च्या पाहणीत दीडशे शहरांत शेवटचा नंबर आला, 2017 ला झेंडाच बदलला. देवीचं चित्रपण नको, फाटल्यावर तो झेंडा टाकणार कुठं?

रंग दोन-तीनच. नुसता भगवा घेतला तर तो प्रत्येक तालमीवर आहेच, वेगळा कसा कळणार, आणि केशरी-पांढरा-हिरवा आडवे लावले तर लोक तिरंगाच समजतील. जोतिबाच्या गुलालाचा गुलाबी मला आवडतो, फक्त उन्हात लवकर उडतो. पांढऱ्यावर पिवळा लांबून दिसत नाही, दोन गडद रंग चिकटवले तर एकच डाग दिसतो, मधे पांढरी पट्टी सोडा.

आणि शिलाई. काठीकडची बाजू टिकते, फडफडणारी कड आधी उसवते, तिथं दुहेरी दुमड घालून तीन-चार शिलाया मारून घ्या. तरी फाटलंच तर तेवढं टोक कापून परत शिवा, झेंडा दोन इंच आखूड झालेला रस्त्यावरून कुणाला कळत नाही.