जुने पाचट कुट्टी यंत्र ट्रॅक्टरला जोडण्यापूर्वी

सांगली जिल्ह्यातील पलूस, वाळवा भागात उसाची तोड उरकत आली की जुन्या पाचट कुट्टी यंत्रांची, म्हणजे उसाच्या वाळलेल्या पाल्याचा चुरा करणाऱ्या यंत्रांची, खरेदी-विक्री सुरू होते, आणि तासगावकडे खरड छाटणीनंतर द्राक्षबागेतील काड्यांचा चुरा करण्यासाठीही हीच यंत्रे शोधली जातात. असे यंत्र घेताना बहुतेक जण पत्रा किती गंजला आहे आणि रंग कसा आहे एवढेच पाहतात. माझ्या मते पत्र्याला वेल्डिंग कोणीही करून देईल; पाहायचा असतो तो रोटर, म्हणजे ज्यावर पाती किंवा हातोडे लोंबतात तो फिरता ड्रम.

मी घेतलेले यंत्र पहिल्याच दिवशी इतके थरथरू लागले की ट्रॅक्टरच्या सीटपर्यंत कंप येत होता. आधीच्या मालकाने तुटले तेवढेच हातोडे बदलले होते. सगळे काढून किराणा दुकानातील काट्यावर तोलले, तेव्हा नवा हातोडा १ किलो १८० ग्रॅम आणि झिजलेला ९४० ग्रॅम भरला. २४० ग्रॅमचा हा फरक किरकोळ वाटतो; पण मिनिटाला २१६० फेऱ्या घेणाऱ्या रोटरवर, केंद्रापासून १६ सेंटिमीटर अंतरावर, तेवढे जादा वजन सुमारे २०० किलोंच्या ओढीने बेअरिंगला प्रत्येक फेरीत हिसका देते. म्हणून हातोडे शक्यतो पूर्ण संच म्हणूनच बदलावेत. ते परवडत नसेल, तर वजनानुसार जोड्या लावून समान वजनाचे हातोडे रोटरवर एकमेकांच्या समोरासमोर बसवावेत आणि पिना व बुश झिजले असल्यास तेही त्याच वेळी बदलावेत. त्यानंतर रोटरला फिरवणारे पट्टे काढून रोटर हाताने फिरवून सोडावा. दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबत असेल, तर ती बाजू जड आहे. एवढी तपासणी घरी होते. मात्र ड्रम वाकलेला असेल किंवा त्यावर पूर्वी वेल्डिंग झाले असेल, तर डायनॅमिक बॅलन्सिंग, म्हणजे ड्रम यंत्रावर फिरवून त्याचा तोल साधणे, करून घेण्याचा खर्च टाळू नये.

यानंतर वेगाचा हिशेब करावा. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांचा पीटीओ, म्हणजे जोडलेले यंत्र फिरवणारा मागचा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांचा असतो. गिअरबॉक्स एकास तीन असेल तर बाहेर १६२० फेऱ्या मिळतात, आणि गिअरबॉक्सकडची वरची पुली ८ इंची व रोटरची ६ इंची असेल तर रोटर २१६० फेऱ्यांनी फिरतो. चुरा बारीक व्हावा म्हणून वरची पुली आणखी मोठी करण्याचा सल्ला लेथवाले सहज देतात. तो मानू नये, कारण बेअरिंग आणि पिना त्या वेगासाठी बनवलेल्या नसतात. फिरण्याची दिशाही पाहावी. खालच्या बाजूची पाती पुढे, म्हणजे ट्रॅक्टरच्या दिशेने जायला हवीत. तरच पाचट उचलले जाऊन ड्रमवरून मागे पडते. गिअरबॉक्स उघडून उलटा बसवला गेला असेल, तर रोटर नेमका विरुद्ध फिरतो.

पीटीओ शाफ्ट रोटाव्हेटरचाच वापरायचा असेल, तर यंत्र वर-खाली करून ट्रॅक्टर आणि यंत्राच्या शाफ्टमधील सर्वांत कमी अंतर मोजावे आणि गरजेपुरतीच लांबी आतल्या व बाहेरच्या नळीतून सारखी कापावी. काम करताना नळ्या एक तृतीयांश तरी एकमेकींत राहिल्या पाहिजेत आणि शाफ्टच्या मधल्या बाजूचे दोन्ही काटे (सांध्यांचे दुबेळके भाग) एका रेषेत असले पाहिजेत. साध्या, एकाच क्लचच्या ट्रॅक्टरवर फ्रीव्हील, म्हणजे रोटरचा जोर उलट ट्रॅक्टरकडे जाऊ न देणारा भाग, चालू असणे अत्यावश्यक आहे. नाहीतर क्लच दाबल्यावरही फिरत्या रोटरचा जोर ट्रॅक्टरला पुढे ढकलतो. ते तपासताना, पट्टे चढवलेले असताना रोटर कामाच्या दिशेने हाताने फिरवल्यास गिअरबॉक्सचा पीटीओकडील शाफ्ट स्थिर राहायला हवा. पट्टे सगळे एकदम बदलावेत. दोन पुलींमधील अंतर अर्धा मीटर असेल, तर मध्यभागी दाबल्यावर पट्टा सुमारे ८ मिलिमीटर लवावा.

खोडव्यासाठी, म्हणजे तोडीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या उसासाठी, मी एकच मोठा बदल केला. मागचा रोलर वरंब्यावर चढून यंत्र वाकडे करत होता, म्हणून तो काढून ट्रॅक्टरच्या चाकांच्या ओळीत, सरीत चालतील अशी उंची बदलता येणारी दोन छोटी चाके लावली. द्राक्षबागेच्या सपाट ओळीत मात्र रोलरच बरा. रोलर काढल्यामुळे मागची बाजू उघडी पडते, आणि पात्याचे टोक ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने फिरत असल्याने दगड गोळीसारखा सुटतो; त्यामुळे तेथे कन्व्हेयरचा जुना जाड रबरी पट्टा कापून, दोन थरांत आणि सांधे एकमेकांवर येतील असा टांगला. भंगाराच्या दुकानात तो सहज मिळतो.

खाली हात घालण्यापूर्वी इंजिन बंद करून किल्ली खिशात ठेवावी, रोटर पूर्ण थांबू द्यावा आणि यंत्राखाली लाकडी ठोकळे लावावेत. केवळ हायड्रॉलिकच्या भरवशावर राहू नये. पहिल्या तासाभराच्या कामानंतर सर्व नट-बोल्ट पुन्हा आवळावेत आणि यंत्र थांबल्यावर बेअरिंगच्या घराला हात लावून पाहावा. हात ठेवता येत नसेल, तर तेथेच काम थांबवावे. ठिबकच्या नळ्या मात्र शेतात शिरण्याआधीच गुंडाळून घ्याव्यात. माझ्याकडे एक लॅटरल पाचटाखाली राहून गेली होती. ती रोटरच्या टोकाला इतकी घट्ट गुंडाळली गेली की ऑइल सील फाटले, आणि ती कापून काढण्यात अख्खी दुपार गेली.