पेरणीच्या तोंडावर यंत्र घेताय? आधी विकणारा पारखा

पेरणीला पंधरा दिवस उरले की शेतकऱ्याची घाई शोरूममधल्या माणसाला दारातूनच कळते. आत शिरताच "लगेच मिळेल का?" असं विचारलं की समोरचा ओळखतो, हा गडी आज रिकाम्या हाताने जाणार नाही. म्हणून ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, काहीही घ्यायचं असेल तर पेरणीच्या निदान दीड-दोन महिने आधी चौकशीला लागा. तेवढा वेळ हातात नसेल तर यंदाचं काम भाड्याच्या यंत्रावर उरका. भाडं जिवावर येतं, मान्य. पण घाईत गळ्यात पडलेलं यंत्र कितीतरी वर्षं गोठ्याशेजारी उभं राहून डोळ्यांत सलतं.

चुकीची माहिती देणारा प्रत्येक सेल्समन लबाड नसतो. बरेचसे नुसते नवखे असतात. कालपर्यंत दुसरंच काहीतरी विकत होते. दोघांशी वागायची तऱ्हा वेगळी, म्हणून आधी कोण कुठला ते ओळखायचं. त्यासाठी उत्तर आपल्याला माहीत आहे असा एक प्रश्न विचारावा. माझा ठरलेला प्रश्न असतो, "याचा पीटीओ एचपी किती?" पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा, जो अवजार चालवतो. पत्रकावर ठळक छापलेला असतो तो इंजिनाचा एचपी. रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्र चालतं मागच्या पीटीओ शाफ्टवर, आणि तिथे पोचेपर्यंत साधारण १० ते १५ टक्के ताकद वाटेतच खर्ची पडते. म्हणजे ५० एचपीच्या इंजिनाला पीटीओवर ४२ ते ४५ मिळतील. समोरचा "पन्नासच्या पन्नास" म्हणाला तरी लगेच निकाल देऊ नका. पत्रकाच्या आतल्या पानावरचा बारीक आकडा त्याला दाखवा. नवखा ओशाळतो, "थांबा, विचारून येतो" म्हणतो. लबाड विषय बदलतो: "मालक, आकड्यांचं सोडा हो, सीटवर बसून तर बघा!"

नवख्यापायी मी स्वतः एकदा अवजार घेऊन पस्तावलोय. पोरगा गुणी होता, जाणूनबुजून एक अक्षर खोटं बोलला नाही. "कुठल्याही ट्रॅक्टरला बसतं," असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं, तेच त्याने मला सांगितलं. घरी आणून जोडायला गेलो तर अवजाराची पिन २८ मिलिमीटरची आणि माझ्या ट्रॅक्टरच्या लोअर लिंकचं, म्हणजे अवजार धरणाऱ्या मागच्या खालच्या हाताचं, भोक २२ चं. जोडणीच्या मापाच्या कॅटेगऱ्या असतात: अवजार कॅटेगरी दोनचं, ट्रॅक्टर कॅटेगरी एकचा. पिना बदलून घेतल्या आणि वाटलं, सुटलो. रानात गेल्यावर कळलं, अवजार ट्रॅक्टरच्या लिफ्टला, म्हणजे ते उचलणाऱ्या यंत्रणेला, झेपत नाही. वळणावर उचललं की पुढची चाकं हलकी व्हायची आणि स्टिअरिंग हातात नुसतंच फिरायचं. चूक त्याची होती तशी माझीही. मी माप नेलंच नव्हतं.

आता मी खिशात चिठ्ठी ठेवतो आणि फोनमध्ये फोटो. लोअर लिंकच्या भोकाचं माप, दोन चाकांमधलं अंतर, पीटीओ शाफ्टच्या खाचा. खाचा मोजायला दोन मिनिटं लागतात: मिनिटाला ५४० फेऱ्यांचा शाफ्ट बहुधा ६ खाचांचा असतो, १००० फेऱ्यांचा २१ खाचांचा. लिफ्टच्या उचल क्षमतेबाबत मात्र नुसता आकडा ऐकून मान डोलावू नका, तो कुठे मोजलाय ते विचारा. लिंकच्या टोकाशी मोजलेला आकडा मोठा दिसतो. टोकापासून ६१० मिलिमीटर मागे मोजलेला कमी भरतो, पण आपल्या कामाचा तोच, कारण अवजाराचं वजन टोकावर नसतं, मागे लोंबत असतं.

नवख्याला झिडकारू नका. "तुमच्या मेकॅनिकला जरा बोलवता का?" असं म्हणा, त्यालाही बरं वाटतं. त्याहून चांगलं म्हणजे आपणच उठून मागच्या वर्कशॉपमध्ये जावं. तिथे कुठल्या मॉडेलची गिअरबॉक्स उघडून ठेवलीय ते डोळ्यांना दिसतं. मेकॅनिकला विचारावं, या मॉडेलचं सगळ्यात जास्त काय दुरुस्तीला येतं? विक्रीच्या कमिशनशी त्याचा फारसा संबंध नसतो, त्यामुळे तो बहुधा खरं सांगून जातो. येताना स्पेअरच्या काउंटरवर फिल्टर, बेल्ट, रोटाव्हेटरची पाती मागून बघा. "उद्या येईल" हे उत्तर ऐन हंगामात आठवडाभर चालतं.

आता लबाडाकडे वळू. जुना ट्रॅक्टर दाखवणार असेल तर ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा आणि काही न बोलता बॉनेटवर तळहात ठेवा. गरम लागलं तर समजा, तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलाय. थंड इंजिन किती कुरकुरत सुरू होतं हे तुम्हाला दिसू द्यायचं नसतं. अशा वेळी चहा नको, वाद नको. "उद्या सकाळी येतो, तोवर चालू करू नका," एवढं सांगून निघायचं. दुसऱ्या दिवशी धुराकडे लक्ष ठेवा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गार इंजिनाला थोडा वेळ चालतो, पण इंजिन तापल्यावरही थांबला नाही तर डिझेल नीट जळत नाही किंवा आत पाणी जातंय. अवरमीटर इंजिन कमी तास चालल्याचं दाखवतोय आणि क्लचच्या पेडलवरचं रबर पार गुळगुळीत झालंय, तर मी पेडलवर विश्वास ठेवतो. इंजिनाच्या सांध्यांवर ताजा रंग असेल तर खाली काय गळत होतं, ते विचाराच.

नव्या यंत्रातही जुना माल खपवतात. प्लेटवरचा उत्पादनाचा महिना-वर्ष वाचा. टायरच्या कडेला चार आकडे असतात: १४२४ म्हणजे २०२४ सालचा चौदावा आठवडा. माल जुना आहे म्हणून वाईटच असं नाही, पण मग भावही जुन्या मालाचा हवा.

खरी मेख बऱ्याचदा कर्जाच्या कागदात असते. "फक्त १० टक्के" म्हटलं की विचारा, फ्लॅट की घटत्या बाकीवर? फ्लॅटमध्ये मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पहिल्या दिवशीच्या पूर्ण रकमेवरच लागत राहतं. पाच वर्षांच्या मासिक हप्त्यांना १० टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या बाकीच्या हिशेबाने जवळपास १७ टक्के. हप्ता गुणिले महिने करून एकूण किती भरायचे, तो आकडा त्याच्याच हाताने कोटेशनवर लिहून घ्या. फुकट सर्व्हिस, टूलकिट, हूड, पुढची वजनं, जे जे तोंडी कबूल केलं तेही त्याच कागदावर, सही-शिक्क्यासह. लिहायला कुरकुर करणाऱ्याला इसार देऊ नका. "दुसरं गिऱ्हाईक दुपारी येतंय" असं कुणी म्हणालं तर येऊ द्या त्याला.

शक्य असेल तिथे ट्रायल आपल्या रानात, आपल्या अवजारावर मागा. शोरूमपुढच्या डांबरी रस्त्यावर सगळेच ट्रॅक्टर ताकदवान असतात. ताब्यात घेताना चेसिस आणि इंजिनचा नंबर बिलाशी अक्षर न् अक्षर ताडा, वॉरंटी कार्डावर तारीख पडलीय ते बघा. पहिली सर्व्हिस बऱ्याच ट्रॅक्टरांना ५० तासांच्या आसपास असते. ती चुकली की पुढे वॉरंटीच्या वेळी तेच निमित्त पुढे करतात.

इतकं करूनही फसलात तर शोरूममध्ये आवाज चढवून काही निघत नाही. अवरमीटरचा, बिघाडाचा, गळतीचा फोटो काढा आणि त्याच दिवशी डीलरच्या मालकाला व कंपनीला लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तोवर ओळखीच्या मिस्त्रीला यंत्राला पाना लावू देऊ नका. कितीही हात शिवशिवले तरी नाही. एकदा बोल्ट उघडला की दोष कुणाचा, याचं उत्तर तुमच्याच अंगावर येतं.