कंपनीच्या गेटसमोर निदर्शनं करायची आहेत? मग आधी ही तयारी करा

आधी जागा पाहून या. तीही गर्दीच्या वेळी, म्हणजे कर्मचारी कुठून आत जातात, गाड्या कुठे वळतात, पादचाऱ्यांना किती वाट उरते हे कळेल. कंपनीची हद्द नेमकी कुठून सुरू होते हे गेटवरून ठरवू नका. अनेकदा गेटच्या बरंच अलीकडे फरशीचा रंग बदलतो, जमिनीत धातूची बारीक पट्टी दिसते किंवा कुंड्यांची रांग लागते. त्यापुढे पाऊल पडलं की शांत उभं राहणंसुद्धा बेकायदा प्रवेश ठरवता येतं. सगळ्यांसाठी खुला वाटणारा चौकही खासगी असू शकतो. २०११ मध्ये लंडनच्या शेअर बाजारासमोरच्या पॅटर्नॉस्टर चौकात आंदोलकांना बसायचं होतं. जागा खासगी असल्यामुळे मालकांनी न्यायालयातून मनाई हुकूम आणला, आणि तळ शेजारच्या सेंट पॉल कॅथीड्रलबाहेर पडला. म्हणून हद्दीचे फोटो काढा, नकाशावर रेघ मारा आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवा.

पोलिसांना लेखी कळवा आणि पोच घ्या. कुठे नुसती सूचना चालते, कुठे परवानगी लागते, कुठे जमावबंदी लागू असते. हे तिथल्याच वकिलाला विचारा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. परवानगी हातात असली तरी दार अडवू नका.

कोण कोण येणार याची यादी करताना घाई नको. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. त्याच कंपनीत काम करणाऱ्यांचा धोका बाहेरच्यांपेक्षा कितीतरी मोठा असतो. एप्रिल २०२४ मध्ये इस्रायलशी झालेल्या कराराच्या विरोधात गूगलच्या न्यूयॉर्क आणि सनीव्हेलच्या कार्यालयांत ठिय्या झाला. नऊ जणांना अटक झाली आणि लगोलग २८ जणांना कामावरून काढलं गेलं. तेव्हा कर्मचाऱ्यांनी आपला नोकरीचा करार नीट वाचून, घरच्यांशी बोलून मगच ठरवावं. कंत्राटी कामगार, व्हिसावर राहणारे, आधीच एखादा खटला अंगावर असलेले यांना गेटवर उभं राहायचा आग्रह करू नका. फोन सांभाळणं, नोंदी ठेवणं, वकिलाशी संपर्क ठेवणं ही कामंही तितकीच लागतात. मागे राहिलेल्याला कुणी भित्रा म्हणालं तर तिथेच थांबवा.

मग पत्रकं आणि फलक. लाठीची भीती सगळ्यांना असते, अब्रुनुकसानीच्या दाव्याची आठवण फारशी कुणाला होत नाही. लंडनमध्ये मॅकडोनाल्ड्सविरुद्ध पत्रकं वाटल्याबद्दल १९९० मध्ये दावा झाला. हेलन स्टील आणि डेव्हिड मॉरिस या दोघांनी माफी मागायला नकार दिला आणि सरकारी कायदेशीर मदतीशिवाय तो १९९७ पर्यंत लढवला. त्यांचे काही आरोप न्यायाधीशांनी खरे मानले, तरी नुकसानभरपाईचा निकाल त्यांच्याविरुद्धच गेला. त्यांना न्याय्य सुनावणी मिळाली नव्हती, असं युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने म्हणेपर्यंत २००५ उजाडलं. म्हणून छापण्याआधी प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने पुराव्याचा क्रमांक लिहा. ज्याला क्रमांक मिळत नाही ते वाक्य कितीही आवडलं तरी काढा. कंपनीतल्या माणसांवर वैयक्तिक चिखलफेक तर नकोच.

निघताना फोनचं बोट आणि चेहरा ओळखून उघडणं बंद करा, लांब पासवर्ड ठेवा. वकिलाचा नंबर हातावर पेनाने लिहा, कारण फोन जप्त होऊ शकतो. रोजची औषधं चिठ्ठीसकट, पाणी, ओळखपत्र. खिशात चाकू किंवा कटर राहिला नाही ना, पाहा. सुरक्षारक्षक चित्रीकरण करणारच, आपणही करावं. मात्र सोबत्यांचे चेहरे थेट प्रक्षेपणात दाखवू नयेत. आपल्यातलाच कुणी तापला तर त्याला बाजूला घेणारी शांत डोक्याची माणसं आधी नेमा. रक्षकाने ढकललं तरी हात उचलायचा नाही. वेळ, जागा, साक्षीदार टिपायचे. ताब्यात घेतलं तर कायद्याने द्यावी लागते तेवढी माहिती द्या आणि वकील मागा.

संध्याकाळी यादी हातात घेऊन प्रत्येकाला फोन करा. चित्रफितींच्या मूळ प्रती दोन ठिकाणी ठेवा. जामिनाचे पैसे आणि पोलिस ठाण्यात जाणारा माणूस आधीच ठरलेला हवा. खटला उभा राहिला तर तारखा पडत राहतात आणि हळूहळू माणूस एकटा पडतो. म्हणून कोणत्या तारखेला सोबत कोण जाणार, हेही नावानिशी लिहून ठेवा.