बँटम कोंबड्या आणि सोलापूरची थंडी: खुराडं गच्च बंद करू नका

दिवाळी झाली की आपल्याकडं रात्री गारठायला लागतात आणि डिसेंबरपासून गड्डा यात्रेपर्यंत, म्हणजे संक्रांतीच्या पुढंमागं, पहाटेचा पारा १०-१२ पर्यंत येतो, एखाद्या रात्री त्याच्याही खाली जातो. पण दुपारी बघा, बाहेर २८-३० असतंच. एकाच दिवसात एवढा चढउतार माणसाला सोसत नाही तर पाऊण किलोच्या कोंबडीचं काय घेऊन बसलात. कोंबडीच्या अंगाची ऊब ४१ डिग्रीच्या आसपास असते आणि ती तिला रात्रभर टिकवायची असते. कपातला चहा पाच मिनिटात गार होतो अन् हंड्यातलं पाणी तासभर कोमट राहतं, तसंच आहे हे, बँटम म्हणजे ठेंगण्या जातीची कोंबडी, तिचं अंग लहान म्हणून गावठी किंवा ब्रह्मासारख्या थोराड कोंबडीपेक्षा तिची ऊब लवकर निघून जाते.

आता मोबाईलवर व्हिडिओ बघून कुणी तुऱ्याला व्हॅसलिन चोळतंय, कुणी पाण्याच्या भांड्याला हीटर लावायला निघालंय. ते सगळं बर्फ पडणाऱ्या मुलखासाठी आहे ओ. आपल्याकडं पाणी गोठत नाही आणि तुरा काळा पडण्याइतकी थंडीही नसते. पिसं पूर्ण आलेली, पोट भरलेली, कोरड्या जागेत बसलेली मोठी बँटम १० डिग्रीत आरामात रात्र काढते. आपल्याकडं पक्षी जातात ते वाऱ्याच्या झोतानं, ओल्या भुशानं आणि कोंडलेल्या हवेनं. त्यातलं तिसरं तर आपणच करतो, थंडी आली म्हणून चारी बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद ठोकून खुराडं गच्च बंद करतो, मग कोंबड्यांच्या श्वासाची वाफ आणि विष्ठेतला अमोनिया आतच फिरत राहतो, पहाटे प्लॅस्टिकला आतून पाणी सुटतं, तेच पाणी भुशावर आणि पक्ष्यांच्या पाठीवर ठिबकतं आणि चार दिवसात शिंका सुरू.

म्हणून वारा खालून अडवायचा आणि वरून हवा सोडायची. थंडीत आपल्याकडं वारं जास्त करून पूर्व आणि ईशान्येकडून येतं, त्या बाजूला बारदान नाहीतर जुनी पोती शिवून पडदा करा. पडदा खालून वर बांधत न्या आणि पत्र्याखाली वीतभर ते फूटभर फट उघडीच ठेवा. बसायची दांडी त्या फटीच्या बरीच खाली पाहिजे म्हणजे वारं डोक्यावरून निघून जातं. पिंजरा लहान असेल तर त्यावर फाटकी सोलापुरी चादर टाका, सुती असते, हवा खेळते, प्लॅस्टिकपेक्षा कधीही बरी. बरोबर झालंय का ते बघायचं असेल तर पहाटे आत जाऊन खाली उकिडवं बसा, कोंबडीच्या उंचीला, आणि नाकानं श्वास घ्या. डोळे चुरचुरले की समजा हवा कमी पडतीय. उभं राहून वास घेतला तर कळत नाही.

दिवसा सगळे पडदे उघडा. नऊच्या सुमाराला ऊन आत आलं पाहिजे, भुसा वाळला पाहिजे. पक्षी बाहेर सोडताना मात्र दव सुकू द्या, विशेषतः ज्यांच्या पायाला पिसं असतात त्या कोचीन बँटम आणि सिल्की, त्यांचे पाय एकदा भिजले की दुपारपर्यंत ओलेच राहतात. सिल्कीचं अजून एक, तिची पिसं कापसासारखी असल्यामुळं पाणी झटकत नाहीत आणि ती दांडीवर बसायच्या भानगडीत सहसा पडत नाही, जमिनीवरच घोळक्यानं झोपते, तेव्हा तिच्या खालचा भुसा बाकीच्यांपेक्षा जाड पाहिजे. डोक्यावर टोप असलेल्या पक्ष्यांचा टोप पाणी पिताना भिजतो, निपल (चोचीनं टोचलं की पाणी देणारी तोटी) लावा नाहीतर अरुंद तोंडाचं भांडं ठेवा. उलट्या पिसांच्या फ्रिझल आणि सेरामा हे सगळ्यात नाजूक. सेरामा तर मूळची मलेशियाची, अर्ध्या किलोचाही पक्षी नाही, तो डिसेंबरात रात्री घराच्या पडवीत आणलेला बरा.

भुसा चार इंच तरी पाहिजे. लाकडाचा भुसा, तूस, भुईमुगाची टरफलं, जे स्वस्त मिळेल ते, फक्त कोरडं. उसाचं पाचट आपल्याकडं फुकट मिळतं पण ते कापून आणि कडक वाळवून टाका, ओलं पाचट म्हणजे बुरशीचं घर. तीन-चार दिवसाला भुसा खालवर करा, पाण्याच्या भांड्याखालची ढेकळं काढून टाका. भुसा मुठीत दाबल्यावर गोळा झाला तर ओल जास्त आहे, सोडल्या सोडल्या मोकळा झाला तर ठीक.

पत्र्याच्या शेडचा वेगळा ताप. दुपारी तापतो, रात्री बर्फागत होतो. वरून कडब्याच्या पेंढ्या टाकल्या तर फरक पडतो, आतल्या बाजूनं मात्र कडबा किंवा पोती ऊबेला लावलेल्या बल्बजवळ अजिबात नको. लोंबकळणारा बल्ब पडून खुराडं पेटायला एवढंसं कारण पुरतं, तेव्हा बल्ब तारेनं दोन ठिकाणी बांधा, नुसत्या वायरवर सोडू नका. आणि शेगडी किंवा कोळशाची घमेली बंद शेडमध्ये ठेवून झोपायला जाणं, हे तर करूच नका, त्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही आणि सकाळी सगळी बॅच आडवी.

मोठ्या कोंबड्यांसोबत बँटम ठेवली असेल तर रात्री वेगळी करा. मोठ्या दांडीवरची उबदार जागा धरतात आणि हिला कडेला ढकलतात. रात्रीपुरती एका बँटमला एक-दीड चौरस फूट जागा पुरते, दहा पक्ष्यांना भलीमोठी खोली दिली तर ती त्यांच्या ऊबेनं गरम होत नाही. दांडी थोडी चपटी ठेवा, दीड इंचाची, म्हणजे पक्षी बसल्यावर पोटाच्या पिसांनी बोटं झाकली जातात. लोखंडी पाईप नको, गार पडतो.

पिल्लांचा हिशोब निराळा. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ डिग्रीच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला साधारण ३ डिग्री कमी करत न्यायची. खुडूक कोंबडी असेल तर सगळ्यात सोपं, तिच्यावर सोडा आणि फक्त वारं आणि मांजर सांभाळा. नसेल तर पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा गोल करा, गोलच, कारण कोपरा असला की पिल्लं तिथं एकावर एक चढून खालची गुदमरतात. एका पिल्लाला दोन वॅट धरून पिवळा जुन्या पद्धतीचा बल्ब लावा. एलईडी लावून वाट बघत बसणारे लय आहेत, तो उजेड देतो, ऊब देत नाही. थर्मामीटर असला तर चांगलंच, पण पिल्लंच सांगतात, बल्बखाली ढीग करून ओरडत असली तर गार पडतंय, लांब पळून चोच उघडून बसली तर गरम होतंय, सगळीकडं पसरून खात-झोपत असली तर जमलंय. एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूनं वारं शिरतंय, फट शोधा. रात्री लाईट जाणार हे गृहीत धरूनच तयारी ठेवा. गरम पाण्याच्या बाटल्या पोत्यात गुंडाळून गोलात ठेवल्या तर एक-दोन तास निघतात, वरून चादर, पण एक बाजू उघडी.

खाणं संध्याकाळी. दाणा पोटात पचताना अंगात ऊब तयार होते, म्हणून झोपायच्या तासभर आधी ज्वारी, बाजरी किंवा मक्याचा भरडा, चार-पाच बँटमला एक मूठ. हे रोजच्या खाद्यावर वरचं, खाद्याच्या जागी नाही, नुसत्या दाण्यावर ठेवल्या तर चरबी वाढते आणि अंडी थांबतात. हुरड्याच्या दिवसात उरलेली कणसं टाका, आवडीनं खातात. बुरशी लागलेला मका मात्र स्वस्त मिळाला तरी नको. सकाळी टाकीतलं गार पाणी कोंबडी कमी पिते आणि पाणी कमी प्यायलं की खाणंही कमी होतं, म्हणून पहिलं पाणी कोमट द्या.

अंडी कमी झाली म्हणून घाबरू नका, डिसेंबरात आपला दिवस ११ तासांचा असतो आणि अंड्यासाठी साधारण १४ तास उजेड लागतो. पाहिजेच असतील तर पहाटे बल्ब लावा (इथं एलईडी चालतो), संध्याकाळी नको, अचानक अंधार झाला की पक्षी दांडीवर जायच्या आत अडकतात. पिसं गाळणारी कोंबडी असेल तर तिला विश्रांती घेऊ द्या, खाद्यात प्रोटीन वाढवा.

मानमोडीची (राणीखेतची) लस थंडीच्या आधीच झाली पाहिजे, पिल्लांना ५-७ दिवसांना लासोटा आणि ८ आठवड्यांच्या पुढं आर टू बी, फक्त तंदुरुस्त पक्ष्यांना. घरघर, हिरवी विष्ठा, मान वाकडी दिसली की तो पक्षी लगेच बाजूला काढा. उजनीच्या काठच्या लोकांनी अजून एक बघा, थंडीत धरणावर बाहेरचे पक्षी उतरतात, त्यांच्याकडनं बर्ड फ्लू येऊ शकतो, म्हणून तिकडचं पाणी कोंबड्यांना देऊ नका आणि बँटम काठावर चरायला सोडू नका. एकदम चार-सहा पक्षी मेले तर पुरून गप्प बसू नका, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा नाहीतर १९६२ या जनावरांच्या हेल्पलाईनला फोन करा. बर्ड फ्लूच्या वेळी, २०२१ च्या जानेवारीत, राज्यात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय.

संक्रांतीनंतर पडदे एका दिवसात काढू नका, आधी रात्री अर्धे, असं करत फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सगळे उतरवा. बारदान धुऊन वाळवून ठेवा, एप्रिलात त्याच्यावर पाणी मारून हेच पडदे पुन्हा लावायचेत.