जगाचा मिरीभाव वाचून आपली मिरी कशी आणि कधी विकावी

गोव्यातल्या सत्तरी, फोंडा, सांग्याच्या कुळागरांत, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांत, मिरी काढून वाळायला पडते ती साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. मिरीचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक आणि निर्यातदार असलेल्या व्हिएतनामचा नवा माल उतरू लागतो तोही याच सुमारास. त्यामुळे दारात आलेला व्यापारी "व्हिएतनाम पडलं हो", म्हणजे तिकडचा भाव उतरला, असं म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत असतोच असं नाही. पण ते तपासता येतं.

१. भाव कोणत्या मालाचा, ते आधी पाहा. जकार्ता इथली इंटरनॅशनल पेपर कम्युनिटी देशवार भाव जाहीर करते. त्यात 'व्हिएतनाम ५००' किंवा '५५०' असं दिसतं. हे आकडे म्हणजे एक लिटर मिरीचं ग्रॅममधलं वजन. भारतासाठी कोचीचा भाव पाहावा. तिथेही अनगार्बल्ड म्हणजे न निवडलेली आणि गार्बल्ड म्हणजे साफ केलेली, असे दोन भाव असतात आणि किलोमागे साधारण २० रुपयांचा फरक पडतो. आपला माल बहुधा पहिल्या प्रकारचा. गार्बल्डचा भाव मनात धरून वाद घालू नये. एकच ओळ निवडून ती आठवड्याला एकदा वहीत लिहून ठेवावी आणि शेजारी फोंड्याच्या गोवा बागायतदार या सहकारी संस्थेचा खरेदीदर टिपावा.

२. डॉलरचे रुपये करा. टनाचा डॉलरभाव गुणिले विनिमयदर, भागिले १,०००. समजा ६,००० डॉलर आणि डॉलरला ८५ रुपये, तर किलोला ५१० रुपये. पण हा झाला परदेशी बंदरावरचा भाव. त्यात वाहतूक, विमा आणि आयातशुल्काची भर पडते. शुल्काचा मूळ दर ७० टक्के. करारांमुळे काही देशांना सवलत आहे, आणि श्रीलंकेतून वर्षाला २,५०० टन शुल्काविना येऊ शकते. शिवाय किलोला ५०० रुपयांपेक्षा स्वस्त मिरी देशांतर्गत विक्रीसाठी आणायला २०१८ पासून बंदी आहे. प्रक्रिया करून पुन्हा निर्यात करणाऱ्यांना तेवढी सूट. म्हणून तिकडचा भाव १० टक्के उतरला की इथेही १० टक्के उतरलाच पाहिजे, हे गणित पटवून घेऊ नका.

३. काळी की पांढरी, हे काढणीपूर्वी ठरवा. जागतिक बाजारात पांढरी मिरी नेहमीच महाग दिसते आणि मोह होतो. १०० किलो हिरव्या दाण्यांपासून काळी मिळते साधारण ३३ किलो, पांढरी २५. म्हणजे पांढरीचा भाव काळीच्या १.३२ पट असला तरी हिशेब फक्त बरोबरीत सुटतो. काळी ६०० रुपये असेल तर १९,८०० मिळतात. पांढरी ७९२ ला विकली तरी तेवढेच, वर मजुरी अंगावर. ९०० मिळाले तर २२,५००. आमच्या मते दीडपटीच्या खाली हा खटाटोप करू नये, आणि घेणारा ठरल्याशिवाय तर मुळीच नाही.

करायचीच तर घोसातले दाणे पिवळे-लाल होऊ द्यावे लागतात. तोवर काही पक्षी खातात, काही गळतात. दाणे पोत्यात सैल भरून ७ ते १० दिवस वाहत्या पाण्यात ठेवावेत, नाहीतर टाकीतलं पाणी रोज बदलावं. इथेच बहुतेकांचं बिघडतं: साठलेल्या पाण्याचा कुजका वास वाळल्यावरही जात नाही आणि माल वासावरच नाकारला जातो. मग साल चोळून काढावी, स्वच्छ धुवावं, कडक उन्हात वाळवावं. कच्च्या दाण्यांची साल सुटत नाही, ते करडे राहतात.

४. लिटरवजन घरीच काढा. एक लिटरचं माप न ठोकता, न दाबता भरा, वरून पट्टी फिरवा, वजन करा. ५५० ग्रॅम भरलं तर भाव मागायला हरकत नाही. ५०० च्या खाली गेलं तर पोचट दाणे जास्त आहेत. सुपात पाखडून पुन्हा मोजा. काळीसाठी घोसातून सुटे केलेले दाणे वाळवण्याआधी उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवले, तर रंग एकसारखा येतो आणि वाळतातही लवकर.

५. कधी विकायची? मिरवेल नीट धरायला तीनेक वर्षं लागतात. चांगला भाव पाहून जगभर लागवड होते, आणि ती फळाला येते तेव्हा बाजार भरून वाहतो. २०१५-१६ च्या सुमारास ७०० रुपयांकडे गेलेली मिरी २०२० पर्यंत निम्म्यावर आली ती अशीच. मग व्हिएतनामचे शेतकरी दुरियन आणि कॉफीकडे वळले, पुरवठा आटला आणि २०२४ मध्ये भाव पुन्हा ६०० च्या वर गेला. एका हंगामातली चढउतार ओळखणं अवघड. त्यामुळे एक भाग खर्चापुरता लगेच विकावा, उरलेला दोन-तीन हप्त्यांत.

ठेवायची असेल तर ओलावा ११ टक्क्यांच्या आत हवा: दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. आत प्लास्टिकचा थर असलेलं पोतं लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावं. गोव्याच्या जूनमध्ये उघड्या गोणपाटातल्या मिरीवर बुरशी चढायला वेळ लागत नाही, आणि बुरशीच्या मालाला कोचीचा कुठलाच भाव लागू होत नाही.