स्वयंवराची गोष्ट सांगताय? आधी तो मासा खाली उतरवा

गणपती जवळ आले की माझ्याकडे वह्या यायला लागतात. कॉलनीतल्या पोरांची नाटुकली, गॅदरिंगचे प्रवेश, कथाकथन स्पर्धेची भाषणं. "सर, पौराणिक आहे, जरा नजर टाका." जरा म्हणजे किती, तर प्रयोग परवा असतो. त्यात दोन-तीन तरी स्वयंवरं असतातच, आणि चुका दरवर्षी त्याच. नवी चूक दिसली तर मी चहा पाजेन, अशी माझी अवस्था झाली आहे.

सगळ्यात आधी मासा.

द्रौपदी स्वयंवर म्हटलं की पंख्याच्या हुकाला थर्माकोलचा मासा आणि खाली परात, हे ठरलेलं. परातीत पाणी की तेल यावर तालमीत भांडणं होतात. एका मंडळाने खरंच गोडं तेल ओतलं. ते सांडलं, आणि द्रौपदीच्या पाठोपाठ येणारा धृष्टद्युम्न थेट हार्मोनियमपर्यंत घसरत गेला. तेल की पाणी याचा खल दोन तास चालला होता. मूळ महाभारतात काय आहे ते बघायला कुणाला दहा मिनिटं मिळाली नव्हती.

आदिपर्वात धृष्टद्युम्न स्वयंवराचा पण जाहीर करतो तो असा: हे धनुष्य, हे लक्ष्य, हे बाण, यंत्राच्या छिद्रातून पलीकडच्या लक्ष्यावर पाच बाण मारायचे. पाचसाठी शब्दही मजेदार आहे, 'दशार्ध', म्हणजे दहाचे निम्मे. अंतराळात टांगलेलं यंत्र आहे, त्याला छिद्र आहे, वाकता वाकणार नाही असं धनुष्य आहे. मासा नाही, परात नाही, मान खाली घालून नेम धरणंही नाही. अर्जुन पाच बाण उचलतो, लक्ष्य भेदून खाली पाडतो, संपलं. आपल्या नाटकांतला अर्जुन एका बाणात काम उरकतो, म्हणजे चार बाणांची काटकसर वर आणखी.

मग मासा आला कुठून? इथे माझीच एक फजिती सांगतो, कारण हे मी पुस्तकातून नाही, चारचौघांत लाज जाऊन शिकलो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या ठिकाणी कथाकथन स्पर्धेला परीक्षक होतो. आठवीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मी लक्ष्मणेच्या स्वयंवराची गोष्ट सांगते." मला वाटलं, पोरीची जीभ घसरली. पुढे तिने मासा आणला, पाण्यातलं प्रतिबिंब आणलं, आणि शेवटी चक्क सांगितलं की अर्जुनाचा बाण माशाला नुसता चाटून गेला. मी शेजारच्या परीक्षकांकडे बघून हसलो आणि कथानकाच्या रकान्यात दहापैकी तीन टाकले. बक्षीस समारंभानंतर ती मुलगी आजीला घेऊन आली. आजीच्या हातात लाल फडक्यात बांधलेलं भागवत. "सर, आजीच्या पोथीत हाये जी." दशम स्कंध, त्र्याऐंशीवा अध्याय. मी तिथेच पायरीवर बसून वाचला.

कृष्णाच्या आठ पट्टराण्यांतली लक्ष्मणा ही मद्र देशाची राजकन्या. कुरुक्षेत्रात सगळ्या जणी भेटतात तेव्हा ती द्रौपदीलाच आपल्या लग्नाची हकिगत सांगते. म्हणते, तुझ्या स्वयंवरात होता तसाच मासा माझ्याही स्वयंवरात होता, पण माझा बाहेरून झाकलेला, फक्त पाण्यात दिसायचा. कर्ण, भीम, दुर्योधन यांनी धनुष्याला दोरी चढवली, पण मासा नेमका कुठे आहे ते त्यांना कळेना. अर्जुनाने प्रतिबिंब बघून ठिकाण ओळखलं, बाण सोडला, तो माशाला नुसता लागून गेला. मग कृष्ण उठला आणि त्याने मासा पाडला.

म्हणजे पाण्यात बघून नेम धरायची जी परीक्षा आपण अर्जुनाच्या नावावर खपवतो, तिच्यात भागवताचा अर्जुन नापास झालेला आहे! आणि द्रौपदीकडेही मासा होता हे भागवत म्हणतं, महाभारताची संशोधित संहिता, म्हणजे हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ, म्हणत नाही. दोन ग्रंथ, दोन बायका, दोन पण. लोकांनी त्यांची भेळ केली, आणि मी त्या भेळेच्या जोरावर एका मुलीचे गुण कापले. तिचं बक्षीस तर गेलंच होतं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. कुठलाही प्रसंग हातात आला की समासात पेन्सिलीने लिहायचं: ग्रंथ, पर्व किंवा स्कंध, अध्याय. आठवलं नाही तर प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह खोडल्याशिवाय संवाद लिहायला घ्यायचा नाही. शास्त्र वगैरे काही नाही यात, नुसती धास्ती आहे. मासा ठेवायचाय? खुशाल ठेवा, लोककथेत आहे, प्रेक्षकांना आवडतो. पण निवेदकाच्या तोंडी "महर्षी व्यास म्हणतात" घालू नका. व्यासांच्या नावावर काय काय खपतं ते बघून माझं डोकं उठतं.

याच प्रवेशातली दुसरी ठिणगी म्हणजे कर्ण. "मी सूतपुत्राला वरणार नाही" हे वाक्य नसेल तर द्रौपदीचं काम करणारी मुलगी नाराज होते. तिचं तेवढंच टाळ्यांचं वाक्य. कोपरगावच्या चतुर्धर घराण्यातल्या नीलकंठाने सतराव्या शतकात काशीत राहून महाभारताच्या ज्या पाठावर भाष्य लिहिलं, त्यात 'नाहं वरयामि सूतम्' आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने ठिकठिकाणची हस्तलिखितं ताडून जी संशोधित संहिता सिद्ध केली (सुकथनकरांनी संपादित केलेलं आदिपर्व १९३३ चं, सगळं काम पुरं झालं १९६६ ला), तिच्या मुख्य पाठात ते नाही, तळटीपेत गेलं आहे. तिथे अर्जुन उठतो तेव्हा जमलेले ब्राह्मण कुजबुजतात की कर्ण-शल्यासारख्यांना जे धनुष्य वाकवता आलं नाही, ते हा पोरगा काय वाकवणार. म्हणजे कर्णाला संधी मिळाली, तो हरला. दोन्हींपैकी एक पाठ निवडा. अपमानही झाला आणि धनुष्यही पेललं नाही, असं दोन्ही एकाच प्रवेशात घातलेलं मी तीनदा पाहिलं आहे.

आणि अर्जुनाच्या डोक्यावरचा तो जरीचा किरीट काढा. पांडव ब्राह्मणांच्या वेषात ब्राह्मणांत बसले होते, कुंभाराच्या घरी उतरले होते. किरीट घालून लपायला आला का तो?

आता सीता. मंडपात रांगेने राजे, मधोमध रावण धनुष्याखाली चेंगरलेला, सीता हार घेऊन उभी, तडाड्‌कन आवाज, हार गळ्यात, लगेच परशुराम. पंधरा मिनिटांत सगळं बसतं म्हणून दिग्दर्शकांचा हा लाडका प्रवेश. वाल्मीकींच्या बालकांडात यातलं जवळपास काहीच असं नाही. राजे येऊन, हरून, चिडून, वर्षभर मिथिलेला वेढा घालून केव्हाच निघून गेलेले आहेत. ती जुनी हकिगत जनक विश्वामित्रांना सांगतो. मग धनुष्य येतं: आठ चाकांची लोखंडी पेटी, आणि ती ओढणारे पाच हजार माणसं. (आमच्या मंडळात ती पेटी म्हणजे फ्रिजचं खोकं असतं. चालेल. पण पेटी दाखवा तरी!) बघायला हजारो लोक आहेत, प्रतिस्पर्धी नाहीत. रावण तिथे नाही. तो मराठीत आपल्याला भेटतो तो एकनाथांच्या आणि श्रीधरांच्या रामकथेत. परशुराम भेटतात ते लग्न लागून वऱ्हाड अयोध्येला परत निघाल्यावर, वाटेत. भर सभेत ते येतात ते तुलसीदासांच्या रामकथेत.

हाराचं तर सांगूच नका. पुढे अयोध्याकांडात सीता अनसूयेला आपल्या लग्नाची गोष्ट सांगते, त्यात एक जागा अशी आहे की मी दर वेळी थांबतो. वडील पाण्याचं भांडं घेऊन कन्यादानाला उभे राहिले, पण रामाने तेव्हा मला स्वीकारलं नाही, कारण दशरथाचं मन त्याला कळलं नव्हतं. धनुष्य मोडून झालंय, जनक उभा आहे, आणि हा मुलगा म्हणतो, आधी वडिलांना विचारू. दूत तीन रात्री प्रवास करून अयोध्येला जातात. केवढा नाट्यमय थांबा आहे हा! तो टाकून आपण हार घालतो, कारण हाराला ब्रास बँड लावता येतो.

हे वाचून काही अतिहुशार लगेच लिहितात, "सीतेचं स्वयंवर झालंच नाही." थांबा. याच हकिगतीत 'मुलीचं स्वयंवर करीन असं वडिलांच्या मनात आलं' असं सीता स्वतः म्हणते. तिकडे जनक तिला 'वीर्यशुल्का' म्हणतो, म्हणजे पराक्रम हेच जिचं मोल. दोन्ही शब्द रामायणातच आहेत. अर्धी पोथी वाचून खंडन करणारे मला थर्माकोलच्या माशापेक्षा जास्त त्रास देतात.

रुक्मिणीचीही तीच गत. आमच्या अमरावती जिल्ह्यात, वर्धेच्या काठी कौंडिण्यपूर आहे. तिथली ही लेक, म्हणून जास्त पोटतिडिकीने सांगतो. एकनाथांचं 'रुक्मिणी स्वयंवर' आहे, त्याची पारायणं आजही उपवर मुली करतात. खाडिलकरांचं १९१६ चं नाटक आहे, त्याचं तर नावच 'स्वयंवर'. त्यामुळे लोक मंडप घालतात, राजे बसवतात. भागवतात रुक्मीने बहिणीचं लग्न शिशुपालाशी ठरवून टाकलेलं आहे, ती ब्राह्मणाहाती निरोप धाडते, आणि अंबिकेच्या देवळातून बाहेर पडताना कृष्ण तिला रथात घेतो. भागवत ऐकणारा परीक्षित याला राक्षस विवाह म्हणतो, आणि त्याच्या जरा आधी ते सांगणाऱ्या शुकांच्या तोंडी 'स्वयंवर' हाही शब्द आहे. विरोध नाही यात. स्वयंवर म्हणजे तिने स्वतः वरणं. तिने वरलं होतं, निरोप धाडून. मांडव हा त्या शब्दाचा अर्थ नाही.

बाकीच्या किरकोळ चुका. सावित्रीला मांडव घालू नका, ती रथात बसून स्वतः वर शोधायला गेली होती. माद्रीचं स्वयंवर नाही, शल्याने शुल्क घेऊन तिला दिली, स्वयंवर कुंतीचं. अंबेच्या काशीतल्या स्वयंवरात भीष्म स्वतःसाठी गेले नव्हते, विचित्रवीर्यासाठी गेले होते, हे पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर पुढचं काही उलगडत नाही. सात बैल वेसण घालून आवरायचे होते ते कोसलच्या सत्येसाठी, आणि ते आवरले कृष्णाने, अर्जुनाने नव्हे.

आणि दर स्वयंवरात धनुष्य आणू नका. 'रघुवंशा'तल्या इंदुमतीच्या स्वयंवरात नुसती द्वारपालिका सुनंदा एकेका राजाची ओळख करून देते आणि इंदुमती पुढे सरकते. कालिदासाने त्यावर अख्खा सर्ग उभा केला. दमयंतीसाठीही कसला पण लावला नव्हता, आणि या दोघीही विदर्भाच्याच. दमयंतीचा प्रवेश करायला सोपा म्हणून लोक घेतात आणि तिथेच आपटतात: चार देव नळाचंच रूप घेऊन येतात, त्यामुळे पाच नळ उभे केले की खरा कोणता ते प्रेक्षकांना कळत नाही, दमयंतीलाही कळत नाही, एकदा तर तिने वरुणाला हार घातला. उपाय महाभारतातच दिलेला आहे. देवांना घाम येत नाही, पापणी लवत नाही, माळ कोमेजत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. तेव्हा चौघांना ताजे हार द्या, लाकडी पाटांवर उभे करा, डोळे ताणून ठेवायला सांगा. नळाला कालचा हार आणि पायांवर धूळ. गेल्या वर्षीचा आमचा नळ प्रवेशाआधी विंगेत उठाबशा काढत होता. मी ओरडणार होतो, तर तो म्हणाला, "सर, घाम यायला पाहिजे ना."