मोठ्या युनिव्हर्सिटीतून निवडक कॉलेजात ट्रान्सफर: अमेरिकेत पदवी अर्ध्यात असताना कॉलेज कसं बदलावं

"सगळीकडे ए आणा, निबंध मनापासून लिहा, बाकी नशीब." ट्रान्सफरबद्दल विचारलं की दहापैकी नऊ जण हेच सांगतात. हा सल्ला चुकीचा नाही, पण जिथे खरी अडचण येते तिथलं तो काहीच सांगत नाही. ए श्रेणी मिळवणारे अर्जदार ढीगभर असतात. तीनशे-चारशे जणांच्या वर्गात बसून ए मिळवलेल्या विद्यार्थ्याला एकही प्रोफेसर नावाने ओळखत नाही, आणि निवडक कॉलेजांच्या ट्रान्सफर अर्जाला साधारणपणे कॉलेजातल्या दोन प्रोफेसरांची शिफारसपत्रं लागतात. मोठ्या युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्याचं घोडं इथेच अडतं. म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या पत्रांवर आहे.

आधी: जाता येतं का, ते पाहा

प्रत्येक कॉलेजच्या अटी त्यांच्याच संकेतस्थळावर वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. हार्वर्डला एका कॉलेजात पूर्णवेळ सलग एक शैक्षणिक वर्ष झालेलं लागतं, पण दोन वर्षांहून जास्त झालेलं चालत नाही. येलमध्ये पदवीच्या ३६ क्रेडिटपैकी (कोर्स पुरा केल्यावर मिळणारी एककं) किमान १८ तिथेच मिळवावी लागतात, म्हणजे दोन वर्षं तिथे काढावीच लागतात. प्रिन्स्टनने १९९० मध्ये बंद केलेला ट्रान्सफर प्रवेश २०१८ मध्ये पुन्हा सुरू केला, पण जागा मूठभर आहेत आणि कम्युनिटी कॉलेजचे (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचे) विद्यार्थी व सैन्यात काम केलेले यांच्याकडे तिथे विशेष लक्ष असतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं सगळंच वेगळं: अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, प्रवेश मुख्यतः तिसऱ्या वर्षाला (६० सेमिस्टर किंवा ९० क्वार्टर युनिट्स, म्हणजे क्रेडिट, झाल्यावर), अर्जासोबत शिफारसपत्रं नाहीत, आणि पहिला मान राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांना. दुसऱ्या राज्यातल्या मोठ्या युनिव्हर्सिटीतून बर्कलीला (हा तिचाच एक कॅम्पस) जायचं म्हणणाऱ्यांनी हा शेवटचा मुद्दा दोनदा वाचावा.

चार ते सहा कॉलेजं पुरेत. यादीत कॉर्नेलसारखं, दरवर्षी बऱ्यापैकी संख्येने ट्रान्सफर विद्यार्थी घेणारं एखादं तरी असू द्या. पंधरा ठिकाणी अर्ज केले की प्रत्येक ठिकाणचा निबंध पातळ होतो, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या परिच्छेदात कळतं.

पत्रं: सगळं इथे ठरतं

कॅलेंडर समोर घ्या. फॉल सेमिस्टर ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतं. पुढच्या फॉलच्या प्रवेशासाठी खाजगी निवडक कॉलेजांची मुदत बहुतेक १ ते १५ मार्चच्या दरम्यान असते. स्प्रिंग सेमिस्टर जानेवारीच्या मध्याला सुरू झालं, तर मुदतीपर्यंत तुम्ही नव्या प्रोफेसरांच्या वर्गात जेमतेम सहा-आठ आठवडे बसलेले असता, आणि पत्र लिहायला त्यांना त्याच्याही आधी सांगावं लागतं. म्हणजे पत्रं फॉलच्याच प्रोफेसरांकडून येणार, आणि तयारी वर्ग नोंदवतानाच सुरू होणार. जानेवारीत "आता ट्रान्सफरचं बघू" म्हणणाऱ्याच्या हातातून अर्धा अर्ज तिथेच गेलेला असतो.

वर्ग निवडताना किमान एक वर्ग वीस-पंचवीस जणांचा घ्या: पहिल्या वर्षाचं सेमिनार, ऑनर्स विभागातली तुकडी, किंवा पूर्वअट पूर्ण असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा छोटा कोर्स. शिकवणारी व्यक्ती विभागातली पूर्णवेळ प्राध्यापक आहे ना, हे नोंदणीच्या पानावर तपासा. नावाजलेल्या प्रोफेसरचा चारशे जणांचा वर्ग घ्या म्हणजे पत्राला वजन येईल, हा सल्ला सरळ सोडून द्या. पत्राचं वजन त्यात तुमच्याबद्दल काय लिहिलं आहे त्यावर ठरतं. सही कोणाची, हा प्रश्न त्यानंतरचा.

मोठा वर्ग टाळता येत नसेल तर ऑफिस अवर्स, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायला प्रोफेसरांनी ठेवलेली ठरावीक वेळ. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तिथे रांग लागते. एरवी बऱ्याच प्रोफेसरांच्या खोलीत त्या वेळेत कोणी फिरकत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा जा, आणि "ओळख करून घ्यायला आलो" म्हणून रिकाम्या हाताने जाऊ नका. हातात एक कागद असू द्या. समजा संख्याशास्त्राच्या गृहपाठातलं तिसरं गणित तुम्ही दोन पद्धतींनी सोडवलंत आणि उत्तरं जुळली नाहीत. दोन्ही पद्धती एकाच कागदावर शेजारी-शेजारी मांडा, फाटा फुटतो तिथे खूण करा आणि विचारा, "इथे मी कोणतं गृहीतक मोडलं?" दहा मिनिटांत उठा. प्रोफेसरांनी काही वाचायला सुचवलं तर वाचा, आणि दोन आठवड्यांनी त्यातला एक प्रश्न घेऊन परत या. बहुतेक विद्यार्थी परत येत नाहीत, म्हणून परत येणारा लक्षात राहतो. अशा तीन-चार भेटी आणि त्यांनी स्वतः वाचलेलं तुमचं एक लेखी काम, एवढ्यावर चांगलं पत्र उभं राहतं.

आता टीएचा, म्हणजे शिकवण्यात मदत करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याचा (टीचिंग असिस्टंट) प्रश्न. मोठ्या वर्गात तुमचे पेपर टीए तपासतो, तुमचं काम त्यालाच माहीत असतं, म्हणून विद्यार्थी त्याच्याकडूनच पत्र घेतात. नुसत्या टीएचं पत्र कमकुवत पडतं. तो स्वतः विद्यार्थी असतो, वर्षानुवर्षांच्या विद्यार्थ्यांशी तुमची तुलना त्याला करता येत नाही, आणि काही कॉलेजं तर पत्र अध्यापकाचंच हवं असं स्पष्ट सांगतात. पण टीएला वगळूही नका. त्याला तुमच्या कामाबद्दल एक पान टिपणं लिहायची विनंती करा, ती प्रोफेसरकडे जाऊ देत, आणि पत्र प्रोफेसरच्या नावाने किंवा दोघांच्या सहीने जाऊ दे. मोठ्या विभागांना ही पद्धत नवी नसते. प्रोफेसरना सरळ विचारा, संकोच करू नका.

मागणी डिसेंबरच्या सुरुवातीला, शेवटच्या परीक्षांच्या आधी करा. फार तर निकाल लागल्यावर लगेच. लिहिणाऱ्याच्या हातात चार आठवड्यांहून कमी वेळ कधीही ठेवू नका. प्रश्न असा विचारा: "माझ्या वर्गातल्या कामाबद्दल तुम्हाला तपशिलात लिहिता येईल का?" नुसतं "पत्र द्याल का?" विचारलं की होकार येतो, आणि त्या होकाराचा उपयोग नसतो. उत्तर "तुला ए होता ना, मग देईन की" असं आलं तर आभार माना आणि दुसरा प्रोफेसर शोधा. त्या पत्रात तीन ओळी असतील: वर्गात होता, ए मिळाला, वरच्या दहा टक्क्यांत आहे. त्यातलं बहुतेक तुमच्या ट्रान्सक्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रकावर) आधीच लिहिलेलं असतं.

होकार मिळाला की एक पान द्या, एकच. वर्गाचं नाव आणि सेमिस्टर, तुम्ही लिहिलेला पेपर (त्यांच्या शेऱ्यांसह मूळ प्रत जोडून), ऑफिस अवर्समध्ये कशावर बोलणं झालं ते दोन ओळींत, कुठे अर्ज करताय आणि मुदत कधी, तिथे काय शिकायचं आहे. गुणगौरवाची यादी आणि क्लबांतली पदं यांनी ते पान भरू नका. ते अर्जात दुसरीकडे येतंच.

युनिव्हर्सिटी सोडण्याचं कारण प्रोफेसरना सांगावं लागतं, आणि तिथे बरेच जण घाबरतात. घाबरण्याचं कारण नाही. विद्यार्थी येतात-जातात, हे त्यांनी पाहिलेलं असतं. मात्र "इथे शिकवणं वाईट आहे" हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. समोरचा माणूस तिथेच शिकवतो. विषयाचं कारण सांगा: अमुक दिशेचे कोर्स इथे संपले, पुढचे तिथे आहेत.

कॉमन ॲपमध्ये (अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करण्याच्या ऑनलाइन व्यवस्थेत) पत्र पाहण्याचा हक्क सोडल्याची खूण करा. न केल्यास पत्राची किंमत घटते. प्रोफेसरला जाणारं आमंत्रण बऱ्याचदा स्पॅममध्ये जातं, म्हणून पाठवलं त्याच दिवशी "मिळालं का?" विचारा, आणि मुदतीच्या एक आठवडा आधी एकदा नम्र आठवण.

फॉल संपलं आणि एकही प्रोफेसर तुम्हाला ओळखत नसेल, तर या वर्षी अर्ज करू नका. दुसऱ्या वर्षी करा. तेव्हा कॉलेजचे गुण तीन सेमिस्टरचे असतील आणि हायस्कूलच्या रेकॉर्डचा भार हलका झालेला असेल. पहिल्याच वर्षी अर्ज केला तर हातात एकाच सेमिस्टरचे गुण असतात, आणि वाचणारे पुन्हा हायस्कूलचं ट्रान्सक्रिप्टच उघडतात. ज्या अर्जदाराला बारावीनंतर त्याच कॉलेजने नाकारलं होतं, त्याला ही घाई विशेष महागात पडते.

निबंध

निबंधात दोनच गोष्टी लागतात: सध्याच्या ठिकाणी तुम्ही काय काय करून पाहिलंत, आणि पुढचं पाऊल तिथे का टाकता येत नाही. "मोठ्या वर्गात हरवल्यासारखं वाटतं, छोट्या समूहात शिकायचं आहे" हे वाक्य हजारो अर्जांत असतं आणि काहीच सांगत नाही. त्याऐवजी असं: "भूजलाचे दोन कोर्स होते, दोन्ही घेतले. दुसऱ्या कोर्ससाठी गावातल्या अकरा विहिरींची पातळी दोन महिने मोजली. पुढचा कोर्स इथे फक्त पदव्युत्तर विद्यार्थ्यांना खुला आहे. परवानगी मागितली, मिळाली नाही." यात तक्रार नाही. आहे तिथे सगळं वापरून झालं, हे दिसतं. मग नव्या कॉलेजातल्या दोन नेमक्या गोष्टी सांगा, एखादा कोर्स आणि एखादी प्रयोगशाळा किंवा संग्रह, आणि तुमच्या विहिरींच्या आकड्यांचं तिथे काय कराल ते. पाच प्रोफेसरांची नावं ओवू नका. त्यातले दोन रजेवर असतील आणि एकाने कॉलेज सोडलं असेल.

रँकिंग, हवामान, मित्र, शहर यांतलं काहीही निबंधात नको.

कागदपत्रं

कॉमन ॲपचा ट्रान्सफर अर्ज पहिल्या वर्षाच्या अर्जापेक्षा वेगळा आहे, तोच उघडा. कॉलेज रिपोर्ट (सध्याच्या कॉलेजने तुमच्याबद्दल भरायचा फॉर्म) रजिस्ट्रार किंवा डीनच्या कार्यालयातून भरून घ्यायचा. शिस्तभंगाच्या नोंदीचा भाग कधी दुसऱ्याच कार्यालयात जातो, म्हणून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच द्या. मिड-टर्म रिपोर्टवर चालू गुण लागतात. परीक्षा व्हायची असेल तर तोपर्यंतच्या गृहपाठाचे गुण लिहून घ्या. वाचनालयाचा वा पार्किंगचा दंड थकला असेल तर आधी भरा, ट्रान्सक्रिप्ट त्यापायी अडकू शकतं. एसएटी-एसीटीसारख्या प्रवेशपरीक्षांचे गुण लागतात का, हे प्रत्येक कॉलेजचं वेगळं.

क्रेडिट

नव्या कॉलेजात जुने गुण येत नाहीत, फक्त क्रेडिट येतात. जीपीए (श्रेणींची सरासरी) बहुतेक ठिकाणी नव्याने सुरू होतो. सी किंवा त्याहून चांगली श्रेणी लागते, असं साधारण धरा. एक क्वार्टर युनिट म्हणजे दोन-तृतीयांश सेमिस्टर युनिट. एपीचे (हायस्कूलमध्ये दिलेल्या कॉलेज-पातळीच्या परीक्षांचे) क्रेडिट जुन्या युनिव्हर्सिटीने दिले म्हणून नवं कॉलेज देईलच असं नाही, गुण कॉलेज बोर्डकडून (ती परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून) पुन्हा पाठवावे लागतात. अकाउंटिंगसारखे व्यावसायिक कोर्स लिबरल आर्ट्स कॉलेजात सहसा मोजले जात नाहीत.

प्रत्येक कोर्सचा सविस्तर सिलॅबस, आठवड्यानुसार वाचन आणि पाठ्यपुस्तकाच्या नावासह, सेमिस्टर चालू असतानाच पीडीएफ करून ठेवा. सेमिस्टर संपलं की कोर्सचं पान अनेकदा बंद होतं. एखादा कोर्स नाकारला गेला तर हा सिलॅबस घेऊन विभागाकडे फेरविचार मागा. केंद्रीय कार्यालय बऱ्याचदा कोर्सच्या नावावरून ठरवतं, विभाग आतला मजकूर वाचतो.

पैसे आणि व्हिसा

फाफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) आणि सीएसएस प्रोफाइल (कॉलेजांच्या स्वतःच्या मदतीचा अर्ज) यांपैकी जे लागू असेल ते प्रवेशअर्जासोबतच भरा. ट्रान्सफर विद्यार्थ्यांना, विशेषतः परदेशी विद्यार्थ्यांना, मदतीचे नियम अनेक ठिकाणी वेगळे आणि कडक असतात. मदतीचा आकडा लेखी हातात येईपर्यंत अनामत भरू नका.

एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर नवा प्रवेश निश्चित झाल्यावर सध्याच्या डीएसओकडून (परदेशी विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या कॉलेजच्या अधिकाऱ्याकडून) सेव्हिस रेकॉर्डची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीची, रिलीज तारीख (ती नव्या कॉलेजकडे जाण्याची तारीख) ठरवून घ्या. त्या तारखेनंतर जुन्या कॅम्पसवरची नोकरी करता येत नाही, म्हणून पगाराच्या तारखा पाहून ठरवा. नवा आय-२० (विद्यार्थी म्हणून पात्रतेचा फॉर्म) नवीन कॉलेज देतं. व्हिसाची मुदत शिल्लक असेल तर त्यावर जुन्या कॉलेजचं नाव असलं तरी चालतं, आणि सेव्हिस शुल्क पुन्हा भरावं लागत नाही. नव्या कॉलेजात अभ्यासक्रम सुरू झाल्यापासून १५ दिवसांत तिथल्या डीएसओकडे हजेरी नोंदवा.

निकाल साधारण मेच्या मध्यापासून जूनपर्यंत येतात. तोपर्यंत सध्याच्या युनिव्हर्सिटीत पुढच्या फॉलचे वर्ग नोंदवून ठेवा आणि राहायची जागा सोडू नका. होकार आल्यावरही स्प्रिंगचं अंतिम ट्रान्सक्रिप्ट मागितलं जातं. एप्रिलमध्ये अभ्यास सोडून एखादा डी पदरात पडला, तर दिलेला प्रवेश कॉलेज मागे घेऊ शकतं.